गोळीबंद पाक, चॉकलेट फज आणि मे महिन्याची सुट्टी

मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर दुपारचे तापमान ३३-३४ अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचते आणि दुकानातून आणलेले चॉकलेट वेष्टनातच मऊ पडू लागते, कारण त्याला घट्टपणा देणारे कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते. त्याच दुपारी, त्याच फडताळात ठेवलेली घरगुती चॉकलेट फजची, म्हणजे दूध, साखर, लोणी आणि कोको शिजवून केलेल्या मिठाईची, वडी थोडी मऊ होते, पण आकार सोडत नाही. कोको आणि साखर दोन्हींत असते. फरक असतो तो आतल्या सांगाड्याचा. चॉकलेट उभे असते स्निग्धांशाच्या स्फटिकांवर, तर फज उभे असते साखरेच्या अतिसूक्ष्म स्फटिकांवर, आणि ते वितळवण्याइतके ऊन कोकणात कधीच पडत नाही.

या दृष्टीने पाहिले तर फज हे आपल्या नारळाच्या वडीचे सख्खे भावंड आहे. लहानपणी सुट्टी लागली की आम्ही मुंबईहून एसटीने गुहागरजवळच्या आजोळी जात असू, आणि परतीचे दिवस जवळ आले की आजी वड्यांचा घाट घालत असे. एका वर्षी मावशीने मुंबईहून कोको पावडरचा डबा आणला आणि त्याच चुलीवर, त्याच पितळी पातेल्यात दूध, साखर, लोणी आणि कोको यांची वडी शिजली. मावशीजवळ पुस्तकातली कृती होती; पाक झाला की नाही हे मात्र आजीने ठरवले. तिने वाटीत गार पाणी घेतले, त्यात पाकाचा थेंब सोडला, बोटांनी त्याची मऊ गोळी वळते का ते पाहिले आणि पातेले खाली उतरवायला सांगितले.

आजीच्या त्या गोळीबंद पाकाचे तापमान समुद्रसपाटीला ११२ ते ११६ अंश असते. पाण्यात साखर जितकी जास्त, तितके मिश्रण अधिक तापमानाला उकळते. म्हणून उकळत्या पाकाचे तापमान हे त्यात किती पाणी उरले आहे याचे माप असते. या अवस्थेत पाकात साधारण ८५ टक्के साखर असते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पुस्तकातला आकडा जसाच्या तसा वापरता येतो, पण सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या आंबोलीत पाणीच साधारण ९८ अंशांना उकळते, त्यामुळे तिथे पाकही दोन अंश आधी उतरवावा लागतो. वाटीतल्या पाण्याच्या परीक्षेला अशी दुरुस्ती लागत नाही, कारण ती थेट पाकाचा दाटपणा तपासते. माझ्या मते थर्मामीटर घरात असला तरी ही परीक्षा सोडू नये.

खरे कौशल्य यानंतर लागते. केवळ साखर आणि पाणी यांचा विचार केला, तर १०० ग्रॅम पाण्यात ४५ अंशांना सुमारे २५० ग्रॅम साखर विरघळलेली राहू शकते. गोळीबंद पाकात मात्र तेवढ्याच पाण्यामागे साडेपाचशे ग्रॅमहून अधिक साखर असते. पाक निवत जातो तशी ही जास्तीची साखर स्फटिकरूपाने बाहेर पडण्याची संधी शोधू लागते. गरम असतानाच ढवळले, तर मोजकीच स्फटिकबीजे, म्हणजे ज्यांभोवती स्फटिक वाढतात असे सूक्ष्म कण, तयार होतात आणि पातळ पाकात साखरेचे रेणू त्यांच्यापर्यंत सहज पोहोचत असल्याने ती भराभर मोठी होतात. नारळाच्या वडीत हा रवाळपणा आपल्याला हवाच असतो. फजमध्ये तो नको असतो, कारण साधारण २५ मायक्रोमीटरपेक्षा मोठा कण जिभेला खरखरीत लागतो. म्हणून पाक ४५ अंशांपर्यंत, म्हणजे पातेल्याच्या बुडाला हात सुखाने लावता येईल इतका, अजिबात न ढवळता निवू द्यायचा आणि मग लाकडी उलथन्याने जोरात घोटायचा. आता पाक दाट झालेला असतो. असंख्य बीजे एकदम तयार होतात आणि साखर त्यांच्यात वाटली गेल्याने कोणतेच मोठे होत नाही. मिश्रणाची चकाकी गेली की लगेच तूप लावलेल्या ताटात थापावे.

४०० ग्रॅम साखर, २४० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम कोको पावडर आणि ४० ग्रॅम लोणी हे प्रमाण चांगले जमते. लोणी पाक उतरवल्यावर वरून घालावे आणि घोटेपर्यंत तसेच राहू द्यावे. उकळी येताना दोन मिनिटे झाकण ठेवल्यास पातेल्याच्या कडांना चिकटलेली साखर वाफेने विरघळते. एरवी तिचा एखादा कण पाकात पडून अवेळी बीजाचे काम करतो. चमचाभर ग्लुकोज सिरपही उपयोगी पडते, कारण त्यातले वेगळे रेणू साखरेच्या स्फटिकांची वाढ रोखतात.

शिजताना दरवळणारा वास दुहेरी असतो. कोकोच्या बिया भाजताना तयार झालेली सुगंधी संयुगे त्यात असतातच, शिवाय दुधातली शर्करा आणि प्रथिने यांच्यात १९१२ साली लुई कामिय मायार यांनी वर्णन केलेली, पदार्थाला तपकिरी रंग आणि खमंग वास देणारी अभिक्रिया पातेल्यातही चालू असते. आज हा वास आला की मला मावशीचा आवाजही आठवतो, आणि यामागे मेंदूची रचना आहे. दृश्य आणि ध्वनी यांचे संदेश आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या टप्प्यातून जातात. गंधाचे संदेश मात्र नाकाच्या वरच्या बाजूच्या गंधकंदातून थेट मेंदूच्या गंध ओळखणाऱ्या बाह्य थरात आणि भावनांशी निगडित अमिग्डालात पोहोचतात, आणि स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस तिथून जवळच असतो. योहान विलँडर आणि मारिया लार्सन यांनी २००६ साली वयोवृद्ध व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की शब्दांनी आणि चित्रांनी जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा किशोरवय आणि तारुण्यातल्या असतात, तर गंधाने जाग्या होणाऱ्या आठवणी वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या. आजोळच्या सुट्ट्या नेमक्या त्याच वर्षांत मोडतात.

मे महिन्यात टिकणारे हे फज पावसाळ्यात मात्र जपावे लागते. स्फटिकांच्या मध्ये उरलेला पाक हवेतली आर्द्रता शोषतो, वडी चिकट होते आणि पुढे तिला बुरशी येऊ शकते. साखरेऐवजी गूळ वापरल्यास हे आणखी लवकर घडते, कारण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात आणि त्यांतले फ्रुक्टोज पाणी विशेष ओढून घेते. गणपतीसाठी गावी न्यायचे असेल, तर पाक एखादा अंश अधिक चढू द्यावा, वड्या पूर्ण निवल्यावरच बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळाव्यात आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून चार-पाच दिवसांत संपवाव्यात.