खिडकीखालच्या रेडिएटरची ऊब खरंच वाया जाते का?

ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेल्या आपल्या मंडळींना हा सल्ला हमखास मिळतो: खिडकीखाली रेडिएटर (आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारं, भिंतीला लावलेलं धातूचं पॅनल) म्हणजे ऊब बाहेर चालली, त्यापेक्षा पलंगच त्याला चिकटवा. तसं करू नका.

हिवाळ्यात खोलीतली सर्वांत थंड जागा म्हणजे काच. तिला लागलेली हवा गार होते, जड होते आणि खाली उतरून जमिनीवरून पलंगाकडे सरकते. रेडिएटरवरून वर चढणारी गरम हवा हा गार झोत तिथेच अडवते. एकेरी काचांच्या जुन्या घरांत ही जागा म्हणूनच निवडली गेली. दुहेरी काचा असतील तर तेवढी गरज उरत नाही, इतकंच.

ऊब वाया जाते ती आपल्या मांडणीमुळे. रेडिएटर खोली तापवतो तो मुख्यतः हवा फिरवून. त्याला गादी टेकली की हे फिरणं अडतं. शेजारच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हभोवती (आसपासच्या हवेच्या तापमानानुसार गरम पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपेभोवती) गरम हवा कोंडते, खोली तापली असं धरून तो गरम पाणी बंद करतो आणि तुम्ही कुडकुडत राहता. रेडिएटर झाकणारा लांब पडदाही वाईटच. ऊब काच आणि पडद्यामध्ये अडकते. पडदा खिडकीच्या कठड्यापर्यंतच हवा.

पलंगाची डोक्याकडची बाजू आतल्या भिंतीला लावा, रेडिएटरसमोर वीतभर तरी मोकळं सोडा. कपाट बाहेरच्या भिंतीलाच लावावं लागलं, तर मागे चार बोटं फट ठेवा. नाहीतर थंड भिंतीवर ओल धरते, बुरशी येते, आणि ती दिसेपर्यंत कपड्यांना कुबट वास लागलेला असतो.