क्रूझ जहाजे आणि टग

टग : मोठ्या जहाजाला ओढून, ढकलून किंवा नुसते रोखून धक्क्याला लावणारी, आकाराने लहान पण इंजिनाने दांडगी बोट. तेलवाहू व मोठी मालवाहू जहाजे बंदरात सहसा टगवाचून हलत नाहीत. क्रूझ जहाजे मात्र बहुधा स्वतःच्या बळावर धक्क्याला लागतात आणि प्रसंगीच टग घेतात.

‘टग’ या नावाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. 1817 मध्ये स्कॉटलंडमधील क्लाइड नदीसाठी ‘टग’ नावाची वाफेची बोट बांधली गेली व तिच्यावरून सर्वच ओढबोटींना हे नाव पडले, असे एक मत आहे. परंतु ‘जोराने ओढणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद त्याहून कितीतरी जुने असल्याने त्या बोटीचेच नाव क्रियापदावरून ठेवले असावे, हे अधिक संभवनीय वाटते. वाफेच्या ओढबोटीची कल्पना जोनाथन हल्सच्या 1736 च्या पेटंटात आढळते. ती बोट प्रत्यक्षात उतरली की नाही, हे वादग्रस्त आहे. उपयुक्ततेचा पहिला भक्कम पुरावा म्हणून विल्यम सिमिंग्टनच्या ‘शार्लट डंडस’ या बोटीचा दाखला सामान्यतः देतात. मार्च 1803 मध्ये तिने फोर्थ-क्लाइड कालव्यातून प्रत्येकी सुमारे 70 टनांचे दोन पडाव ग्लासगोकडे जवळपास 30 किमी. ओढत नेले, तेही समोरून जोराचा वारा असताना. तरीही काठ ढासळतील या भीतीने कालव्याच्या मालकांनी ती पुढे वापरली नाही.

प्रवासी जहाजांना टगची गरज पुढे दीर्घकाळ राहिली. न्यूयॉर्कमध्ये टग कामगारांच्या संपामुळे 1938 व 1953 मध्ये ‘क्वीन मेरी’ हे जहाज कप्तानांनी टगशिवाय धक्क्याला लावले, तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले! आज ही रोजची गोष्ट आहे. नाळेकडील (पुढच्या टोकाकडील) आडव्या बोगद्यांत बसवलेले थ्रस्टर म्हणजे पंखे जहाजाचे तोंड बाजूला रेटतात आणि मागचे पॉड चहूबाजूंना फिरून पंखा व सुकाणू या दोहोंचे काम करतात. क्रूझ जहाजावर पॉड प्रथम 1998 मध्ये ‘एलेशन’वर आले. ‘ओएसिस ऑफ द सीज’वर (2009) 20 मेगावॉटचे तीन पॉड व 5.5 मेगावॉटचे चार थ्रस्टर आहेत.

मग टग कशासाठी? मुख्यतः वाऱ्यासाठी. उपरोक्त जहाज पाण्याच्या वर सुमारे 72 मी. उंच आहे, पाण्याखाली मात्र जेमतेम 9 मी.; म्हणजे ते एक प्रकारचे न गुंडाळता येणारे शीडच. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कुशीचे क्षेत्रफळ 10,000 चौ.मी. धरल्यास 20 नॉटच्या (ताशी सुमारे 37 किमी.) आडव्या वाऱ्याचा रेटा ढोबळमानाने 65 टन, तर 30 नॉटला 145 टनांच्या पुढे जातो. थ्रस्टरचे बळ ठरलेले असते; शिवाय जहाज पुढे सरकत असताना ते घटते. 50 ते 80 टन खेचेच्या एकदोन टग हीच तफावत भरून काढतात. अरुंद वळण, जोराचा प्रवाह, जलपाश (दोन्हीकडे दरवाजे असलेली, पाण्याची पातळी जुळवणारी कोंडी), थ्रस्टरमधील बिघाड किंवा बंदराचा नियम ही इतर कारणे होत.

टग आणि जहाज यांची गाठ पडते ती एका बारीक दोरीने. टोकाला वजन बांधलेली ही दोरी फेकतात आणि तिच्या मागोमाग जाड दोरखंड वर खेचून खुंटाला अडकवतात. ढकलायचे असल्यास टगने कुठेही नाक खुपसून चालत नाही. आतून मजबूत केलेल्या जागा जहाजाच्या कुशीवर रंगाने दाखवलेल्या असतात व तेथेच रबरी गादीचे नाक टेकवतात. अन्यत्र पत्रा दबण्याचा संभव असतो.

टग बांधली म्हणजे अपघात टळलाच, असे नाही. 2 जून 2019 रोजी व्हेनिसमध्ये ‘एमएससी ऑपेरा’ या जहाजाचा ताबा सुटला, तेव्हा दोन टग त्याला जोडलेल्या होत्या. एका टगचा दोरखंड तुटला आणि जहाज धक्क्यावर व तेथे उभ्या असलेल्या पर्यटक बोटीवर आदळले. 

मुंबईत क्रूझ जहाजे सहसा बॅलार्ड पिअरच्या बाहेरच्या धक्क्याला लागतात. इंदिरा गोदीत जाणाऱ्या जहाजांप्रमाणे त्यांना जलपाश ओलांडावा लागत नाही. परंतु भरती-ओहोटीचा प्रवाह तेथे उघडा लागतो. गोव्यात ती मुरगाव बंदरात येतात. पश्चिम किनाऱ्यावरील क्रूझ हंगाम प्रायः पावसाळा टाळून आखतात.