काळा घोडा की बॅलार्ड इस्टेट?

मुंबईच्या फोर्टात भेटायचं ठरलं की हा घोळ हमखास होतो. ‘जुन्या दगडी इमारती, नवे कॅफे, रुंद फुटपाथ’ एवढीच खूण दिली, तर निम्मे जण काळा घोड्याला जाऊन थांबतात, निम्मे बॅलार्ड इस्टेटला. दोन्ही इंग्रजी अमदानीतली, एकमेकांपासून चालत जाण्याजोगी. पण घडण अगदी निराळी.

काळा घोडा साठत साठत झाला. 1860च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, जागा मोकळी झाली आणि जो तो आपल्या तऱ्हेनं बांधत गेला. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून उभं केलेलं वॉटसन हॉटेल. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं तिथेच दाखवली गेली. आतल्या गल्लीत 1884चं निळं सिनेगॉग. आणि 1952ची जहांगीर आर्ट गॅलरी, जिच्यामुळे चित्रकार इथे रुळले. 1999पासून भरणारा कला महोत्सव त्यानंतरचा. मला सगळ्यांत आवडते ती डेव्हिड ससून लायब्ररी. वरच्या गॅलरीत लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत. दुपारी खाली वाहनांचा गोंगाट चालू असतो आणि वर कुणीतरी छातीवर पेपर ठेवून गाढ झोपलेलं असतं.

ज्या पुतळ्यावरून नाव पडलं, तो युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा. 1965मध्ये तो तिथून हलवला, आता राणीच्या बागेत आहे. नाव मात्र जागचं हललं नाही. आज चौकात दिसणारा, पाठीवर स्वार नसलेला घोडा 2017चा. जुना तो हा नव्हे.

बॅलार्ड इस्टेट एका हातानं आखलेली. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून पोर्ट ट्रस्टनं ही जमीन केली आणि 1914 ते 1918 या काळात तिथे कचेऱ्या उठवल्या. आराखडा जॉर्ज विटेटचा. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच, आणि काळा घोड्याजवळचं घुमटाचं वस्तुसंग्रहालयही. म्हणूनही गल्लत होत असावी.

संशय आला तर मान वर करून छपरांची रेघ बघा. बॅलार्डला ती ओळीनं एका उंचीवर जाते, काळा घोड्याला दर इमारतीला मोडते. रविवारी तर तेही नको: बॅलार्डच्या कचेऱ्या बंद, रस्ते सुनसान, काळा घोड्याला जहांगीरच्या दारात गर्दी.