बोर्ड नवा, म्हणून कॅबिनेटही नवंच?
‘बोर्ड नवीन घेताय ना, मग जुन्या कॅबिनेटमध्ये बसणार नाही,’ हे कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाबद्दलचं दुकानदारांचं वाक्य पुण्याच्या तपकीर गल्लीत आजही सर्रास कानावर पडतं. त्यात फारसं तथ्य नाही.

इंटेलने १९९५मध्ये मदरबोर्डाचं एटीएक्स हे माप ठरवलं. पूर्ण बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. प्रोसेसरचं सॉकेट, रॅमची पिढी बदलत गेली, पण स्क्रूच्या भोकांच्या जागा आणि मागची पोर्टांची चौकट तीच राहिली. त्यामुळे जुन्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये या तिन्ही मापांचे बोर्ड बसतात. उलटं, म्हणजे छोट्या मापाच्या कॅबिनेटमध्ये मोठा बोर्ड, मात्र चालत नाही.

गडबड होते ती पितळी स्टँडऑफमध्ये, म्हणजे बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो त्या छोट्या खुंट्यांमध्ये. पूर्ण एटीएक्सचा बोर्ड काढून मायक्रो बसवलात, तर काही स्टँडऑफ बिनकामाचे उरतात. नव्या बोर्डाला जिथे भोक नाही तिथला स्टँडऑफ आधी काढा. तो मागच्या सोल्डरला टेकला तर शॉर्ट झालाच म्हणून समजा. मग दोष बिचाऱ्या बोर्डाच्या माथी!

अपवाद आहेत. कंपन्यांचे तयार ऑफिस पीसी कित्येकदा स्वतःच्याच मापाचे असतात. तिथे दुकानदाराचं म्हणणं खरं. ई-एटीएक्स बोर्ड एटीएक्सहून रुंद असतो, तो मोजूनच घ्या. प्रोसेसरवरच्या कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबीही टेपने मोजा, कारण कॅबिनेट बदलायची वेळ बहुधा त्यांच्यामुळे येते.