पिढ्यांचे साचे (मराठी रंगभूमी, चित्रपट व मालिका)

माणसाचा स्वभाव, नीती आणि पैशाकडे पाहण्याची दृष्टी केवळ त्याच्या वयावरून ठरवून टाकणाऱ्या ठरीव प्रतिमा. म्हातारा कर्मठ नाहीतर बिचारा, तरुण उडाणटप्पू नाहीतर सुधारक, सासू खाष्ट, सून सोशिक. ही पात्रे पडद्यावर येताक्षणी मराठी प्रेक्षक ओळखतो. मात्र हे साचे वाटतात तितके पक्के नाहीत. गेल्या सव्वाशे वर्षांत म्हाताऱ्याची भूमिका तर जवळजवळ उलटली आहे. आधी तो छळणारा होता, पुढे छळला जाणारा झाला.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) पंचाहत्तरीतला श्रीमंत भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्न करायला निघतो आणि तिचा बाप कांचनभट पैशासाठी तिला द्यायला तयार होतो. दोन्ही वडीलधारी माणसे दोषी, आणि लग्न मोडायला उभा राहतो तो तरुण कोदंड. बाला-जरठ विवाह हा तेव्हाचा जळता प्रश्न असल्यामुळे प्रेक्षकांची सहानुभूती आपसूक तरुणांकडे जाई. प्रभातच्या ‘कुंकू’त (१९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम) हाच विषय पुन्हा आला, पण साचा थोडा सैलावून. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या वकील नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते; केशवराव दात्यांचा हा म्हातारा मात्र खलपुरुष राहत नाही, त्याला स्वतःची चूक उमगते. त्याचा तरुण मुलगा सावत्र आईवर वाईट नजर ठेवणारा, तर विचारी मुलगी नीरेच्या बाजूने उभी राहणारी. ही मुलगी रंगवली होती शकुंतला परांजपे यांनी, ज्या प्रत्यक्षातही संततिनियमनाच्या कार्यकर्त्या होत्या. एका घरात तरुणाईचे असे दोन चेहरे दाखवण्याची हुशारी पुढच्या कित्येक कौटुंबिक चित्रपटांना साधलेली नाही.

पारडे फिरले ते वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’च्या (१९७०) सुमारास. तोवर शहरी नोकरदारांत एकत्र कुटुंब आटले होते आणि निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी कोणाला, कधी द्यायची हा घरोघरीचा प्रश्न झाला होता. निवृत्त नट गणपतराव बेलवलकर सगळे मुलांत वाटून टाकतात आणि मग आधी मुलाच्या, पुढे मुलीच्या घरी नकोसे होतात. नाटकाचा सारांश लोकांनी ‘पोटची पोरे उलटली’ एवढाच करून घेतला. मूळ नाटक इतके सरळ नाही. गणपतरावांचा रांगडा, बेफिकीर बाज शिस्तीच्या संसाराला न झेपणारा आहे, आणि शेवटी रस्त्यावर त्यांना आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा एक पोरगाच. पुढच्या अनुकरणांत हा पोरगा गळाला, कृतघ्न मुले तेवढी उरली. हिंदीत ‘बागबान’ने (२००३) तोच साचा देशभर नेला. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ मध्ये केंद्रीय कायदाच करावा लागला. ज्येष्ठांची आबाळ खरी होती यात शंका नाही. पण या कथांत सासू-सासऱ्यांचे पथ्यपाणी आणि दुखणीखुपणी बघणारी सून क्वचितच नायिका होते, बहुधा ती कारस्थानीच असते.

विनोदी चित्रपटांनी पिढ्यांचा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) तरुणांचे भांडण आईबापांशी नाही, घरमालकांशी आहे. भाड्याची खोली मिळेना म्हणून दोघे साड्या नेसतात. हसता हसता पुण्यातली घरांची टंचाई कळते.

दूरचित्रवाणीवर सासू-सून हाच मुख्य साचा. २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. प्रेक्षक सासू आणि सून एकाच खोलीत एकच मालिका पाहतात, तेव्हा कोणा एकीला कायमचे काळे रंगवणे वाहिनीला परवडत नाही. ‘अग्गंबाई सासूबाई’त (२०१९) सूनच विधवा सासूचे लग्न जुळवते, आणि नाक मुरडतो तो सासूचा तरुण मुलगा.

वृत्तपत्रे आणि जाहिरातींत अलीकडे ‘मिलेनियल’, ‘जेन झी’ ही जन्मवर्षांवरून पाडलेल्या पिढ्यांची लेबले सर्रास दिसतात. त्यांच्या सीमा अमेरिकेतल्या लोकसंख्येवरून आणि घडामोडींवरून आखलेल्या आहेत. महाराष्ट्रात पिढी घडवली ती १९७२ च्या दुष्काळाने, १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाने, १९९१ नंतरच्या उदारीकरणाने. आणि तीही सर्वांची सारखी नव्हे. परळच्या चाळीत संपाच्या काळात वाढलेला मुलगा आणि त्याच्याच वयाचा, पुण्यातल्या सुखवस्तू डेक्कनवर वाढलेला मुलगा यांना एका पिढीचे म्हणण्यात वयापलीकडे फारसे हाती लागत नाही.

जुने म्हणजे प्रतिगामी, नवे म्हणजे पुरोगामी या समजुतीला सर्वांत मोठा तडा ‘सैराट’ने (२०१६) दिला. जात मोडून लग्न केलेल्या आर्ची-परशाच्या घरी भेटवस्तू घेऊन येणाऱ्यांत तिचा भाऊ प्रिन्स असतो, जवळपास तिच्याच वयाचा. दोघांचा खून करून जातीची इभ्रत राखायचे काम तोच पार पाडतो.