योजनेतला बेड आणि धर्मादाय बेड: मूल अ‍ॅडमिट असताना विचारायचे दोन वेगळे प्रश्न

‘तुमच्याकडे गरिबांसाठी काही आहे का हो?’ मोठ्या खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर मुलाची आई किंवा आजोबा हे विचारतात. समोरून उत्तर येतं, ‘आमच्याकडे योजना नाही.’ मग दागिने गहाण टाकणं, भिशी मोडणं, नातेवाइकांना फोन करणं सुरू होतं. काउंटरवरचं उत्तर खोटं नसतं, पण ते अर्ध्याच प्रश्नाला दिलेलं असतं. मुलाच्या मोठ्या आजारपणात बिलाचा भार उचलणाऱ्या दोन व्यवस्था महाराष्ट्रात आहेत. एक नसली तरी दुसरी असू शकते. म्हणून दोन्हींची नावं घेऊन वेगवेगळं विचारावं लागतं.

पहिली आहे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. दवाखान्यात नुसतं ‘योजना’ म्हटलं की हीच समजतात. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं आणि पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारतला जोडली गेली. दुसरी आहे धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टने चालवलेल्या, रुग्णालयांतल्या राखीव खाटांची व्यवस्था. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार ती चालते.

दोन्हींत कळीचा फरक एकच आहे. पहिलीत आजार बघतात, दुसरीत उत्पन्न. फुले योजनेत मुलाचा आजार किंवा ऑपरेशन पॅकेजच्या यादीत आहे का आणि हे रुग्णालय त्या उपचारासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, आहे का, हे बघितलं जातं. घरात किती पैसे येतात हे आता कोणी विचारत नाही, कारण जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासकट राज्यातली सगळी कुटुंबं तिच्यात आली. धर्मादाय बेडसाठी आजाराची यादीच नाही. तिथे रुग्णालय ट्रस्टचं आहे का, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती आणि राखीव खाट रिकामी आहे का, एवढंच बघतात. त्यामुळे मध्यमवर्गीय घरातल्या बाळाच्या हृदयाच्या ऑपरेशनला फुले योजना चालू शकते आणि धर्मादाय बेड नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातल्या मुलाचा यादीत न बसणारा आजार धर्मादाय बेडवर बरा होऊ शकतो आणि योजनेत नाही.

आधी फुले योजनेचं बघू, कारण बहुतेकांचं काम तिथेच होतं. कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचं आहे. इथे कुटुंब म्हणजे एका रेशनकार्डावरची सगळी माणसं. कार्ड आजोबांच्या नावावर एकत्र असेल आणि त्याच वर्षी आजोबांची बायपास योजनेतून झाली असेल, तर नातवाला उरलेली रक्कमच मिळते. म्हणून पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला शिल्लक बघायला सांगा. आरोग्यमित्र म्हणजे अंगीकृत रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसणारा कर्मचारी. तो रुग्णालयाचा माणूस नसतो. टेबल सापडलं नाही तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर विचारता येतं.

सगळ्यात जास्त अडतं ते लहान बाळांच्या कागदांत. आईचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेलं असतं, सासरच्या कार्डात अजून चढलेलं नसतं, आणि बाळंतपण माहेरी झालेलं असतं. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत, आणि बाहेर आईचं नाव कुठल्याच कार्डावर नाही. अशा वेळी आईच्या कार्डासाठी धावपळ करण्यापेक्षा वडिलांचं रेशनकार्ड आणि आधार, सोबत बाळाचा जन्मदाखला असा संच पुढे करावा. बाळाचं नाव ठेवलेलं नसलं तरी जन्माची नोंद करता येते, दाखल्यावर आईवडिलांची नावं असली की बाळ त्यांचं हे कळतं. जन्म ज्या रुग्णालयात झाला तिथली नोंद त्या हद्दीतल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाते, म्हणून बाळाला दुसऱ्या शहरात हलवलं असेल तर घरातला एक माणूस जन्माच्या गावीच ठेवा आणि दाखल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. मूळ प्रत मागाहून आली तरी काम तोवर पुढे सरकतं.

दुसरी अडचण नावांची. रेशनकार्डावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळकृष्ण’, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे, एवढ्यावरून उपचाराला योजनेकडून लागणारी मंजुरी अडते. याला दवाखान्यात ‘क्वेरी पडली’ म्हणतात. क्वेरी म्हणजे नकार नव्हे. मंजुरी देणाऱ्या डॉक्टरला एखादा कागद, एखादा रिपोर्ट किंवा खुलासा हवा असतो. हृदयाला छिद्र असेल तर टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, कर्करोग असेल तर बायॉप्सीचा किंवा बोन मॅरोचा रिपोर्ट असं काहीतरी. क्वेरी कशावर आहे हे आरोग्यमित्राला स्क्रीनवर दिसतं. ‘वरून अजून आलं नाही’ एवढ्यावर परत फिरू नका, नेमकं काय मागितलं आहे ते लिहून घ्या आणि वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला दाखवा.

मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. इमर्जन्सी असेल तर फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात. पण रोख भरून ऑपरेशन उरकलं, डिस्चार्ज घेतला आणि मग बिल घेऊन योजनेकडे गेलात तर परतावा मिळत नाही. ही कॅशलेस योजना आहे. मुलाला आधीच रोख पेशंट म्हणून दाखल केलं असेल आणि दोन दिवसांनी योजनेचं कळलं, तर त्याच तासाला आरोग्यमित्राला गाठा. मंजुरी पडेपर्यंतचा खर्च खिशातून जाऊ शकतो, पुढचा वाचतो.

पॅकेजमध्ये खाट, ऑपरेशन, भूल, तपासण्या, औषधं, जेवण आणि डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा धरलेला असतो. तरीही ‘हे औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात येते. औषध थांबवून मुलाच्या जिवाशी खेळ करू नका, आणा. पण चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल दोन्ही जपून ठेवा आणि त्याच दिवशी आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या. डिस्चार्जच्या दिवशी केलेल्या तक्रारीपेक्षा दाखल असताना केलेल्या तक्रारीचा उपयोग होतो. रक्ताचा कर्करोग असलेल्या मुलांच्या घरच्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: केमोच्या प्रत्येक फेरीची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात, त्यामुळे रेशनकार्ड, आधार आणि मंजुरीची पत्रं एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल मुलासोबत जाणाऱ्या माणसाकडे द्या. गावी कपाटात राहिलेल्या फाइलमुळे फेरी पुढे ढकलावी लागते.

रेशनकार्ड दुसऱ्या राज्याचं असेल तर फुले योजना मिळत नाही. मात्र कुटुंबाकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभरातल्या आयुष्मानच्या रुग्णालयांत चालतं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी कुटुंबांना महाराष्ट्र शासनाने फुले योजना लागू केली आहे. बेळगावकडच्या पालकांनी हे विचारल्याशिवाय राहू नये.

आता धर्मादाय. मुंबई-पुण्यातली पंचतारांकित दिसणारी कितीतरी रुग्णालयं कागदोपत्री सार्वजनिक ट्रस्टची आहेत. जमिनीपासून करापर्यंत त्यांना ज्या सवलती मिळतात, त्यांच्या बदल्यात त्यांच्यावर बंधन आहे: एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या. निर्धन म्हणजे ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत आहे ते. दुर्बल घटक म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंतचे. दुसऱ्या गटाला बिलात ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, सगळं माफ होत नाही. हा फरक आधी न कळल्यामुळे शेवटच्या दिवशी बिल हातात आल्यावर घरचे हादरतात. तुम्हाला नेमकं कोणत्या गटात घेतलं आहे ते दाखल होतानाच लिहून घ्या.

या खाटांचा खर्च कुठून येतो हे माहीत असलेलं बरं. इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळी ठेवायची असते. गरीब रुग्णांची औषधं, इम्प्लांट, महागड्या तपासण्या त्यातून भागवायच्या. खाट, परिचारिका, निवासी डॉक्टर, रोजच्या साध्या तपासण्या यांचे पैसे निर्धन रुग्णाकडून घ्यायचेच नसतात. औषधं आणि इम्प्लांट रुग्णालयाला ज्या दराने मिळाली त्याच दराने हिशोबात धरायची, छापील किमतीने नाही. मुलाचं बिल तपासताना हा मुद्दा हमखास बघा. व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या बिलात सिरिंज, ट्यूब, कॅथेटर, फिल्टर अशा सामानाचाच आकडा मोठा होतो.

अर्ज आरोग्यमित्राकडे नव्हे, रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात करायचा. दवाखान्यात त्याला ‘एमएसडब्ल्यू’ किंवा ‘सोशल वर्कर मॅडम’ म्हणतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार लागतं. पिवळं कार्ड असेल तर काम हलकं होतं. दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो, त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. मूल आयसीयूत असताना १५ दिवस काढायचे कसे? तहसील कार्यालयात रुग्णालयाचं ‘रुग्ण दाखल आहे’ असं पत्र घेऊन जा आणि लवकर द्यायची विनंती करा. दरम्यान अर्ज अडवून ठेवू नका, पोचपावती जोडून द्या. ज्या घरात मूल वरचेवर आजारी पडतं, थॅलेसेमिया किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, तिथे दाखला आधीच काढून ठेवावा आणि त्यावर छापलेली मुदत संपण्याआधी नवा काढावा.

इमर्जन्सीत धर्मादाय रुग्णालयाने मुलाला ताबडतोब दाखल करून घ्यायचं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे, त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही, असं उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या त्या धर्मादाय योजनेतच लिहिलेलं आहे. दारात डिपॉझिटवरून वाद सुरू झाला तर एवढं एकच वाक्य शांतपणे बोला: ‘हे धर्मादाय रुग्णालय आहे, कलम ४१ कक प्रमाणे इमर्जन्सीला डिपॉझिट लागत नाही. नाही म्हणत असाल तर लिहून द्या.’ लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

नकार तीन प्रकारे येतो. ‘खाट रिकामी नाही’ म्हटलं तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय राखीव खाटांची माहिती असते, ती तिथेच मोबाइलवर उघडून दाखवा. ‘फंड संपला’ म्हटलं तर तेही लेखी मागा. आणि ‘आमच्याकडे योजना नाही’ म्हटलं तर विचारा, ‘कोणती? फुले योजना की धर्मादाय?’ ट्रस्टचं रुग्णालय फुले योजनेत नसेल, पण धर्मादाय बंधनातून ते सुटत नाही. तक्रार फुले योजनेच्या टोल फ्री नंबरवर केली तर ती चुकीच्या दारी जाते. ती जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातल्या देखरेख समितीकडे करायची. उलट बाजूही तितकीच खरी: गावातलं एखादं खासगी हॉस्पिटल फुले योजनेत असेल, पण ट्रस्टचं नसेल तर तिथे उत्पन्नाचा दाखला दाखवून सवलत मागण्यात अर्थ नाही.

काही रुग्णालयं दोन्हींत बसतात. तिथे आधी फुले योजनेतून मंजुरी बघावी. तीत आजार बसला तर कुटुंबाला काहीच भरावं लागत नाही. आजार यादीत नसेल, कव्हर संपलं असेल, किंवा ऑपरेशननंतर दुसरीच गुंतागुंत होऊन मुक्काम लांबला, तर धर्मादाय अर्ज कामी येतो. म्हणून योजनेची मंजुरी आली तरी सोशल वर्कर मॅडमना भेटून ठेवा. लहान मुलांच्या बाबतीत मुक्काम लांबणं नेहमीचंच आहे.

आणि जे दोन्हींत नाही, तेच पालकांना रोज लागतं: राहणं, जेवण, प्रवास, बुडालेली मजुरी. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. कर्करोग झालेल्या मुलाला आईवडिलांसकट विनामूल्य ठेवून घेणारी सेंट ज्यूड केंद्रं २००६ पासून चालू आहेत. तिथे थेट जाऊन खोली मिळत नाही, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र लागतं. म्हणजे इथेही सोशल वर्कर मॅडमच. त्यांच्याकडूनच रेल्वे सवलतीचा छापील फॉर्म घ्या आणि डॉक्टरांची सही-शिक्का करून घ्या. कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या मुलाला आणि सोबतच्याला दोघांनाही या वर्गांत ७५ टक्के. फॉर्मवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं ना, एवढं खिडकीवर जायच्या आधी बघून घ्या.