काळा गवा, पांढरं धुकं

ताडोब्यात पूर्वी जामणी नावाचं गाव होतं. गावाचं पुनर्वसन झालं आणि शेतांच्या जागी आता गवताचं मोठं कुरण आहे. ऑक्टोबर संपत आला होता. सूर्य उगवायला दहाएक मिनिटं असताना आमची जिप्सी त्या कुरणाच्या कडेला थांबली. गवतावर कमरेइतका धुक्याचा थर होता आणि त्यातून एक गवा चालला होता. पाय दिसत नव्हते. नुसती पाठ, मान आणि शिंगं, एखादं काळं तारू पाण्यावरून सरकत जावं तशी.

मी भराभर चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन पाहिले, तर लांबून काढलेल्या फोटोंत गवा कोळशासारखा सपाट आणि धुकं मळकट करडं. तो जवळ आला तेव्हा काढलेल्यांत गवा राखाडी झालेला आणि मागचं धुकं पांढरंफटक जळालेलं. डोळ्यांनी पाहिलं होतं त्यातलं काहीच त्यात नव्हतं. कॅमेरा आतून कसा मोजतो हे मला तेव्हापासून समजून घ्यावंसं वाटलं. आज एवढं नक्की सांगू शकतो की शरदातल्या सकाळी मोठ्या जनावराचा फोटो बिघडतो तो बहुतेकदा प्रकाशाच्या हिशेबात. महागड्या लेन्सने तो हिशेब सुटत नाही.

कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोर गवा आहे की बगळा, हे मुळात ठाऊक नसतं. आत किती प्रकाश येतो एवढंच त्याला कळतं. मग तो गृहीत धरतो की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परतवणारं. गव्याने फ्रेम भरली की आत येणारा प्रकाश घटतो. मापकाला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो एक्सपोजर, म्हणजे फोटोसाठी आत घेतला जाणारा प्रकाश, वाढवतो आणि काळा गवा राखाडी होतो. गवा लहान आणि भोवती धुकंच धुकं असलं की नेमकं उलटं घडतं. नवे कॅमेरे याबाबतीत बरेच सुधारले आहेत, तरी काळं जनावर आणि पांढरं धुकं एकाच फ्रेममध्ये आलं की तेही गोंधळतात.

यावर कॅमेऱ्यात अधिक-उण्याची सोय असते. धुकं जास्त असेल तर एक स्टॉप अधिक, गवा जास्त असेल तर एक स्टॉप उणे. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. पुस्तकी उत्तर इथे संपतं. मी मात्र त्यातली दुसरी अर्धी बाजू मानत नाही. त्याचं कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे.

प्रकाश सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, धारेसारखा पडत नाही, पावसाच्या थेंबांसारखा पडतो. प्रत्येक कण, म्हणजे फोटॉन, सुटा येतो. अंगणात शेजारी शेजारी दोन वाट्या ठेवल्या, तरी भुरभुर पावसात दोन्हींत अगदी सारखे थेंब पडत नाहीत. फोटॉनांचंही तसंच आहे. सेन्सरच्या एखाद्या ठिपक्यात, म्हणजे पिक्सेलमध्ये, सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील, तर त्यात साधारण १०० चा, म्हणजे १ टक्क्याचा चढउतार राहतो. सरासरी १०० च पडणार असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्क्यांचा. गव्याच्या काळ्या अंगावर फोटोत जी रवाळ खरखर दिसते, तिचा बराचसा भाग हाच असतो. लोक आयएसओला, म्हणजे फोटो किती उजळायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगला, दोष देतात, पण आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही की घटत नाही. सेन्सरपर्यंत फोटॉनच कमी पोहोचलेले असतात. म्हणून पार्श्वभूमीचं धुकं जळत नाही तोवर मी एक्सपोजर वाढतं ठेवतो आणि गव्याला त्याचा काळेपणा घरी संगणकावर परत देतो. जंगलात न गोळा केलेला प्रकाश घरी कुठून आणणार?

आता त्या उजेडाकडे वळू. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरणांना वातावरणाचा एक थर ओलांडावा लागतो. तो क्षितिजावर असतो तेव्हा किरण तिरपे येतात आणि सुमारे ३८ पट हवा पार करतात. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतात. एवढ्या लांबच्या वाटेत निळा भाग गळून जातो आणि उरतं ते सोनं. सूर्य ५ अंश वर आला की हवा सुमारे १० पट उरते आणि १० अंशांवर साडेपाच पटींच्या आसपास. उजेड पिवळसर पांढरा होऊ लागतो आणि सावल्या करकरीत होतात.

ताडोबा सुमारे २० अक्षांशावर आहे. इथे ऑक्टोबरमध्ये सूर्य बराचसा सरळ वर चढतो, तासाला जवळपास १४ अंश. म्हणजे उगवल्यापासून १० अंशांपर्यंत जायला त्याला पाऊण तासही पुरतो. स्कॉटलंडच्या डोंगरांत याच दिवसांत लाल हरणांचा माजाचा काळ असतो आणि तिथले छायाचित्रकार पहाटे दबा धरून बसतात. तिथे सूर्य इतका तिरपा चढतो की त्याच १० अंशांना सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. परदेशी छायाचित्रकारांच्या सल्ल्यात सोनेरी तासाचा, म्हणजे सूर्योदयानंतरच्या सोनेरी उजेडाच्या तासाचा, उल्लेख सारखा येतो. आपल्याकडे तो भरलेला तास नसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर चंद्रपूरकडे सूर्य सहा-सव्वासहाला उगवतो, तेव्हा सातला हातात फारसं काही उरत नाही. चहाला थांबायचं ते त्यानंतर.

एवढं असूनही बहुतेक जण कॅमेरे घेऊन ताडोब्यात येतात ते एप्रिल-मेमध्ये. वाघ पाणवठ्यावर बसलेला सापडतो, हे कारण मला मान्य आहे. पण तेव्हा हवा धुळीने भरलेली असते. पावसाळ्यात बंद असलेला गाभा क्षेत्राचा भाग १ ऑक्टोबरला उघडतो, त्या सुमारास हवा पावसाने धुतलेली असते. गवत उंच असतं, जनावर शोधावं लागतं, कित्येक फेऱ्या रिकाम्या जातात. तरी गव्यासाठी मला विचारलंत तर मी आश्विन-कार्तिकच सांगेन. मोठा नर हजार किलोंच्या घरात जातो. त्याच्या खांद्यांपासून पाठीच्या मध्यापर्यंत एक उंच कणा असतो. तो मणक्यांच्या लांब हाडांनी उचललेला असतो. भर दुपारच्या उजेडात तो कणा दिसतच नाही, सगळं अंग एकच काळा डाग होतं. तिरपा प्रकाश बाजूने आला की कणा, खांद्याचे स्नायू, कपाळावरचा राखाडी भाग आणि गुडघ्यांखालचे पांढरे मोजे, सगळं वेगवेगळं उठतं. काळे वाटणारे केस तेव्हा तांबूस-तपकिरी चमकतात.

धुकंही याच दिवसांचं. जमीन अजून ओली असते, तळी भरलेली असतात आणि रात्री आकाश निरभ्र होऊ लागतं. ढगांचं पांघरूण गेलं की जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. जमिनीलगतची दमट हवा गार होते, जड होऊन सखल कुरणात साचते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. हा थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या वीसेक पट. एवढे मोठे थेंब निळं-तांबडं असा भेद करत नाहीत, सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. शिवाय ते बहुतांश प्रकाश पुढच्याच दिशेला ढकलतात. सूर्य आपल्या पाठीशी असला तर धुकं निस्तेज दिसतं. सूर्य गव्याच्या मागे असला तर तेच धुकं पेटतं आणि गव्याच्या पाठीवरची केसांची कड सोन्याच्या तारेसारखी उजळते. गव्याचा श्वासही तेव्हाच दिसतो. आमच्या गाडीचालकाला हे सांगायला मला दोन हंगाम लागले. सूर्य जनावराच्या मागे येईल अशी गाडी लावा म्हटलं की त्यांना वाटायचं, यांना फोटो काढता येत नाही.

एका वर्षी पहिली वीस मिनिटं लेन्सच आंधळी होती. रात्री खोलीत एसी लावून झोपलो होतो आणि कॅमेरा टेबलावर तसाच. पहाटे बाहेर आलो तर काचेवर दंव. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाहेरची हवा अजून उबदार आणि दमट असते. गार काच तिच्या संपर्कात आली की हवेतली वाफ काचेवर जमते, गार पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो तसंच. पुसलं की पुन्हा धरतं. आता कॅमेरा बंद पिशवीत, एसी नसलेल्या जागी ठेवतो. डिसेंबरात उलटं होतं. बाहेर जाताना काही होत नाही, परत येऊन उबदार खोलीत पिशवी उघडली की काच घामेजते. मग पिशवी तासभर बंदच ठेवायची.

या सगळ्यात गवा आपल्याकडे बघत असतो, हे विसरू नये. खुरवाल्या प्राण्यांच्या डोळ्यांत आपल्यासारखे तीन प्रकारचे रंगशंकू, म्हणजे रंग ओळखणाऱ्या पेशी, नसतात, दोनच असतात. नारिंगी आणि हिरवा त्यांना फारसे वेगळे दिसत नाहीत. पण डोळ्याच्या मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. तो प्रकाशाला दुसऱ्यांदा पडद्यावर पाठवतो. त्यामुळे अंधूक उजेडात आपल्याला धूसर दिसणारं त्यांना चांगलं दिसतं. शर्टाच्या रंगाची काळजी करण्यापेक्षा हात हळू हलवावा. कळपात वासरू असेल तर गाडी होती तिथेच राहू द्यावी. गव्याने मान वर करून नाकातून शिट्टीसारखा फुस्स आवाज काढला, तर आपण आधीच फार जवळ गेलेलो असतो.

साडेआठ-नऊला जमीन तापते. रस्त्यावरून गरम हवेचे लोळ उठू लागतात आणि प्रत्येक लोळ किरणांना किंचित वाकवतो. लांबच्या लेन्समधून पाहिलं की गव्याची शिंगं पाण्याखाली असल्यासारखी थरथरतात. तेव्हा फोकस कितीही अचूक असला तरी फोटो मऊच येतो. त्या ऑक्टोबरच्या सकाळी त्याआधीच धुकं विरलं होतं. आमचा गवा कुरण ओलांडून बांबूच्या कडेला पोहोचला, एकदा वळून पाहिलं आणि आत गेला. थोडा वेळ बांबू हलताना दिसत होता.